नानांची हवा

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास सावेडीतल्या आमच्या गल्लीत 'खट्टाक' असा आवाज आला, की समजावं, नानांनी कुणाची तरी मोटारसायकल डबल स्टँडवर घेतली. गाडी बिघडलेलीच असावी अशी अट नाही. मालकाची परवानगी असावी, अशीही नाही. नाना दूध आणायला निघतात, वाटेतल्या एखाद्या गाडीचा पुढचा ब्रेक सहज दाबून बघतात आणि डॉक्टरनं पोट चाचपून 'हं' करावं तसं 'हं' करतात. त्या 'हं'नंतर आजवर एकही गाडी न उघडता सुटलेली नाही.

असा एक नाना प्रत्येक गल्लीत असतो. आमचे नाना बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या खात्यांना हात लावला, पण लोकांची गाडी उघडायला मिळाली ती निवृत्तीनंतरच. अंगात बाहीचा बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, बुडाखाली काकूंच्या देवघरातून हद्दपार झालेला पाट. शेजारी दिवाळीच्या मिठाईचा रिकामा डबा. त्यात आठचा रिंग पाना, एलन की, बारका पॉलिश पेपर, निवृत्त टूथब्रश आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून आणलेली सलाईनची नळी. ही नळी पाहून नवा माणूस एकदम गंभीर होतो. नानांना तेच हवं असतं.

'आपण नगरचे' ही नानांची पदवी. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई नगरला, रणगाड्यांचं संग्रहालय नगरला, किनेटिकचा कारखाना नगरला. मग गाडीतलं नगरकराला नाही कळणार, तर कुणाला कळणार? 1972 साली किनेटिकची लुना आली तेव्हा नाना तिसरीत होते. पुढं तिच्याच ब्रेकच्या तारा आवळत ते मोठे झाले. "तारेचा ब्रेक म्हणजे सरळ माणूस," ते सांगतात, "ढिला पडला की नट आवळायचा, विषय संपला. डिस्क ब्रेकचं सगळं राजकारण तेलात असतं. वरून काहीच दिसत नाही."

हे राजकारण नाना एका वाक्यात सांगतात : "तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते." तुम्ही बोटानं लिव्हर दाबता, मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, तेल कॅलिपरातल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला, आणि पॅड फिरत्या डिस्कला चिमटीत धरतात. पण वाटेत हवेचा एक बुडबुडा असला, की तुमचा सगळा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो. लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी पुढं जातच राहते. नाना हा नियम निवडणुकीलाही लावतात. चौकातल्या फ्लेक्सकडं हनुवटीनं खुणावतात. "याची लई हवा आहे म्हणतात. एकदा दाबून बघा. थेट मुठीला टेकतोय."

ही हवा काढायला दोन माणसं लागतात आणि दुसरा माणूस बहुतेक वेळा मी असतो. टाकीवर ओलं फडकं पसरायचं. मास्टरची डबी उघडून तेल भरायचं. कॅलिपरच्या निपलला सलाईनची नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. मग कवायत सुरू होते.

"दाब. अजून दाब. आता धर. सोडायचा नाही."

नाना निपल पाव फेरा सैल करतात. नळीतून खसखशीएवढे बुडबुडे माळेनं खाली येतात, माझ्या बोटांखाली लिव्हर मऊ पडत जातो. निपल परत आवळलं जाईपर्यंत तो सोडायचा नाही. एकदा नेमका तेव्हाच माझ्या नाकावर डास बसला.

"गेली! मागं गेली! सगळी गेली!" नाना असे ओरडले, की समोरच्या गॅलरीतल्या आजींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं हो?"

पण माझा खरा पराक्रम वेगळाच. त्या दिवशी नानांनी जुने पॅड काढून ठेवले होते आणि त्यांच्या खाचा झिजून बुजल्याचं ते मुलांना उन्हात धरून दाखवत होते. मी रिकामा होतो. रिकाम्या माणसाच्या हाताला लिव्हर लागला, तर तो दाबणारच. मी चार-पाचदा दाबला. धरायला पॅड नाहीत, त्यामुळे पिस्टन हळूहळू बाहेर येत गेलं आणि शेवटी टपकन फरशीवर पडलं. मागोमाग तेलाची धार लागली. नानांनी आधी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बादली उचलून त्यांनी टाकीवर आणि मडगार्डवर पाणी ओतलं, कारण हे तेल रंग खातं. सगळं धुऊन झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू बँकेत असतास तर तिजोरी उघडून ठेवून जेवायला गेला असतास."

नानांचं सोवळं-ओवळं कडक आहे. कॅलिपरच्या रबराला घासलेट शिवता कामा नये, रबर फुगतं. स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीसच, तेही नखाएवढं. डिस्क प्लेटला तेलकट बोट लागणं म्हणजे गाभाऱ्यात चप्पल घालून जाणं. गल्लीतल्या एका पोरानं ब्रेक चिरकतो म्हणून डिस्कवरच चेनचा स्प्रे मारला होता. चिरकणं थांबलं, पण ब्रेक लागणंही थांबलं. गाडी फाटक ढकलून थेट तुळशीवृंदावनापाशी गेली. नाना आजही त्या पोराचं नाव घेत नाहीत, 'तो स्प्रेवाला' म्हणतात.

ब्रेक झाला की चाचणी. त्यासाठी पाथर्डी रस्त्यानं चांदबिबीच्या महालाचा डोंगर गाठायचा. तो तीन मजली अष्टकोनी महाल म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर. "बघा," नाना म्हणतात, "माणूस सलाबतखान आणि हवा चांदबिबीची." त्या उतारावर ते ब्रेक धरतात. पुढं करंजी घाट उतरताना सारखा ब्रेक धरून ठेवला तर काय होतं, तेही तिथंच समजावून सांगतात. हे तेल हवेतला ओलावा पितं. ताजं डॉट 4 उकळायला 230 अंश लागतात, तर ओलावा प्यालेलं 155 लाच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. "उसाच्या दिवसांत समोर मागचा दिवा नसलेली ट्रॉली आली, की तिथं वाफ चालत नाही," नाना बजावतात. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावं आणि बाटली एकदा उघडली की फार दिवस ठेवू नये.

नानांच्या डब्यातली बाटली गेल्या दिवाळीच्याही आधीच्या दिवाळीत उघडलेली आहे. ती कुणी दाखवून दिली, की ते म्हणतात, "झाकण घट्ट असतं."

नानांना एकदाच हरलेलं पाहिलं. 1 एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि जावई तसली गाडी घेऊन आले. नानांनी खडीवर करकचून ब्रेक मारला. एबीएसनं आपलं काम केलं, नानांच्या बोटांखाली लिव्हर धडधडला. आयुष्यात पहिल्यांदा लिव्हरनं त्यांना उलट उत्तर दिलं होतं. गाडी न उघडता त्यांनी किल्ली जावयांना परत दिली.

परवा रविवारी एका पोराची गाडी झाली. पाच-सहा मुलं भोवती उभी होती. नानांनी बनियनला हात पुसले. "असा ब्रेक कंपनीतसुद्धा बसवत नाहीत," ते म्हणाले. काकू चहा घेऊन बाहेर आल्या. मी नसतो तेव्हा नानांचा दुसरा माणूस म्हणजे काकू. कणकेचे हात पदराला पुसून त्यांनी किती गाड्यांचे लिव्हर दाबून धरलेत, याची मोजदाद नाही. त्यांनी ट्रे कट्ट्यावर ठेवला, जाता जाता दोन बोटांनी लिव्हर दाबला, पुन्हा एकदा दाबला.

"अहो, अजून हवा आहे."

मुलं नानांकडं बघायला लागली. नाना काही बोलले नाहीत. पाट ओढला, निपलला नळी चढवली, आठचा पाना उचलला.

"दाब," नाना हळूच म्हणाले.

"कधीचा दाबलाय," काकू म्हणाल्या.

नळीतून हरभऱ्याएवढा एक बुडबुडा ऐटीत खाली आला आणि बाटलीत जाऊन फुटला. नानांनी निपल आवळेपर्यंत काकूंनी लिव्हर धरून ठेवला, मग सोडला.

"घ्या आता चहा," त्या म्हणाल्या, "निवतोय."