आयोमेगाच्या एकनिष्ठ भागधारकास

मे २००४



शेअर धरून ठेवावा की फुंकून टाकावा, असा आपला प्रश्न. आपल्याला सल्ला देणारा मी कोण? १९९६च्या सुमारास आपल्याच जातीचे गुंतवणूकदार युटातल्या रॉय गावी जाऊन आयोमेगाच्या कारखान्यापुढच्या गाड्या मोजत होते. गाड्या जास्त म्हणजे पाळ्या जास्त, म्हणजे माल खपतोय! ताळेबंद वाचण्यापेक्षा सोपं, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा बरोबरही निघालं.

आयोमेगाचा झिप ड्राइव्ह होताच तसा. फ्लॉपीत १.४४ एमबी, झिपच्या डिस्कमध्ये १००. आमचा डीटीपीवाला छापखान्यात फ्लॉप्यांची चळत घेऊन जायचा आणि नेमकी शेवटची उघडायची नाही. झिप आला आणि गडी एकच डिस्क शर्टाच्या खिशात टाकून निघू लागला. पण खरी कमाई त्या वीसेक डॉलरच्या डिस्कांत होती. रेझर एकदाच, पाती जन्मभर. मग ६५० एमबीची कोरी सीडी एका डॉलरच्या आत मिळू लागली आणि पात्यांचं दुकान बसलं.

त्यात काही ड्राइव्ह टकटक करायचे, की डिस्क गेलीच. लोकांनी त्याला ‘क्लिक ऑफ डेथ’ म्हटलं, १९९८ साली दावाही लागला. कंपनी विनोदी खरी! तिने आपल्या नव्या चिमुकल्या डिस्कचं नाव ठेवलं ‘क्लिक!’. आजोबा खोकून गेले, म्हणून नातवाचं नाव खोकलू. पुढे ते बदलून ‘पॉकेटझिप’ केलं, पण तोवर बारसं गावभर झालं होतं.

२००१ साली पाच शेअरांचा एक केला. भाव एका रात्रीत पाचपट दिसला, आपण खूश. गेल्या वर्षी कंपनीने शेअरमागे पाच डॉलर रोख वाटले. अंथरुणाला खिळलेली म्हातारी पाटल्या-बांगड्या वाटू लागली की घरचे काय ते समजतात. आपण मात्र तब्येत सुधारली म्हणून पेढे वाटलेत.

आता म्हणे ‘रेव्ह’: ३५ जीबीचं कार्ट्रिज. पुन्हा तीच पाती! सर्व्हरचा बॅकअप घेणारे थोडे घेतीलही. पण साधी हार्डडिस्क दर वर्षी स्वस्त होत असताना बाकीचे का घेतील, हे आपणच मला कळवावं. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणाऱ्या पेन ड्राइव्हचा विषय मी मुद्दाम काढत नाही.

आपला,
एक भित्रा ठेवीदार

ता. क. : गाड्या मोजायला पुन्हा निघणार असाल, तर मुख्य कचेरी आता सॅन डिएगोला आहे. रॉयला उतरू नका.