गच्चीवरचे साक्षीदार

खानदेशात घोरणं ही खासगी बाब कधीच नव्हती. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की गल्लीच्या गल्ली अंथरुणं घेऊन गच्चीवर चढायची. कोण कुठे झोपलंय हे अंधारातही नुसत्या आवाजावरून कळायचं. आमच्या धुळ्याच्या काकांचा आवाज चढत चढत जायचा आणि एकदम बंद व्हायचा. शेजारच्या गच्चीवरची पोरंसुद्धा श्वास रोखून वाट बघायची. मग मोठा गुरगुराट होऊन गाडी पुन्हा रुळावर. सकाळी काकूंनी विषय काढला, की काका उलट त्यांनाच विचारायचे, “मी कोठे घोरस वं?”

घोरतो म्हणजे गाढ झोपतो आणि गाढ झोपतो म्हणजे सुखी आहे, असा सगळ्यांचाच हिशेब. खरी गोम मधल्या त्या शांततेत होती. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास किमान १० सेकंद अडतो. तासाला असं ५ वेळा झालं तरी डॉक्टर दखल घेतात. ३० च्या पुढे गेलं तर आजार तीव्र. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू घाबरून हाकाटी करतो. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल धावत येतात, यकृत साखर मोकळी सोडतं आणि इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही. रात्री अर्धी कळण्याची भाकरी खाऊन झोपलेल्या माणसाची उपाशीपोटीची साखर सकाळी चढलेली दिसते, ती अशीही. खापर मात्र केळ्यावर फुटतं. जळगाव जिल्ह्यात केळ्याला आरोपी करायला धाडस लागतं, पण लोक करतात.

शिकागोत २००८ साली एक प्रयोग झाला. ९ निरोगी तरुणांना गाढ झोप लागली रे लागली, की आवाज ऐकवायचे. पुरती जाग येणार नाही, एवढेच. झोपेचे तास कमी केले नाहीत. तरी ३ रात्रींत त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घटला. शिकागोकरांना त्यासाठी बाहेरून आवाज सोडावे लागले. काकांकडे ती सोय अंगचीच होती.

वजन वाढलं, मानेभोवती चरबी साठली की श्वासाची वाट आणखी अरुंद होते, आणि तेच वजन साखरेलाही बोलावतं. म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांनी रुग्णाला बाहेर बसवून आधी बायकोला आत घ्यावं, असं माझं प्रांजळ मत आहे. पण आता एसी आले, दारं बंद झाली, आणि घोरण्याला कंटाळून ती साक्षीदारही हॉलमध्ये झोपायला गेली. मग डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून तेच मोजायचं. पुढे नाकावर मास्क, त्यातून हवेचा दाब. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. तिने श्वास मोकळा होतो. साखर उतरते का, याचं उत्तर मात्र सगळ्या अभ्यासांत सारखं नाही, त्यामुळे चालणं आणि वजन उतरवणं काही सुटत नाही.

काकांनी तपासणीला होकार दिलाय. फक्त हिवाळ्यात नको म्हणतात, तेव्हा शेतात भरीत पार्ट्या असतात. उन्हाळ्यात लग्नं. पावसाळ्यात, म्हणे, झोप फार छान लागते, तेव्हा तर मुळीच नको.