कंपाउंडपलीकडचं कंपाउंड

"भाऊजी, आमचं कंपाउंड बिघडलंय. जरा बघता का?"

सकाळी साडेसहाला, तोंडात ब्रश असताना, शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून असं विचारलं तर माणूस काय समजणार? मी फेसाळ तोंडानंच भिंत वर-खाली न्याहाळली. पावसाळ्यात पोपडे उडालेत, त्यांच्या जास्वंदीनं एका बाजूनं रेटा दिलाय, पण भिंतीत बिघडायला असतं काय? वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो, ही भिंत नव्हे. थोरलीचं धनुष्य! त्याला कंपाउंड म्हणतात."

मला ठाऊक होतं. साताऱ्यात राहून ते ठाऊक नसणारा माणूस आता शोधावा लागेल. २०२३च्या ऑगस्टमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी. अंतिम फेरीत १४९ विरुद्ध १४७. त्याच दिवशी ओजस देवतळेनं दीडशेपैकी दीडशे मारले. तो नागपूरचा, पण सराव साताऱ्यात केलेला, म्हणून आम्ही त्यालाही आमच्यात धरतो. नागपूरकरांनी रागावू नये. तेव्हापासून ज्या घरात कॅरमबोर्ड नव्हता त्या घरात धनुष्य आलं. वहिनींची थोरली चार वर्षं तिरंदाजीच्या सरांकडे जाते. आधी जुनं, दुसऱ्या मुलीचं वापरलेलं धनुष्य होतं. गेल्या महिन्यात नवीन घेतलं. किती पैसे, ते वहिनींनी सांगितलं नाही. "स्कूटर आली असती" एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

मी वर्कशॉपात एकतीस वर्षं गिअरबॉक्स जोडण्यात घालवली. त्यामुळे गल्लीतला मिक्सर, कुकर, पाण्याची मोटर, जे अडेल ते माझ्या पायरीवर येतं. धनुष्य पहिल्यांदाच आलं.

"याला चाकं कशाला हो?" वहिनींच्या सासूबाईंनी तेवढ्यात ओट्यावरून विचारलं. त्यांचं ऐकणं कमी झालंय, विचारणं नाही. मी सांगितलं, ही चाकं गोल नाहीत, अंड्यासारखी आहेत. ओढायला सुरुवात केली की खंबाटकीचा घाट चढल्यासारखा जोर लागतो, आणि माथा ओलांडला की भार एकदम सुटतो. पोरीचं धनुष्य अठ्ठेचाळीस पाउंडाचं. पूर्ण ओढून नेम धरते तेव्हा हातात दहा-बारा पाउंडच उरतात. म्हणून हात न थरथरता नेम धरता येतो. अमेरिकेत मिसुरीच्या हॉलिस अ‍ॅलन नावाच्या माणसानं साध्या धनुष्याची टोकं कापून तिथं कप्प्या बसवल्या, १९६९ साली पेटंट मिळवलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे विहिरीचा रहाट." मला याहून बरं सांगता आलं नसतं.

तर तक्रार अशी होती. जुन्या धनुष्यातून बाण गुच्छासारखे लागायचे. नव्यातून सुटलेला बाण शेपूट हलवत जातो, तांबडं-पिवळं सोडून निळ्यात बसतो, आणि कुठं बसेल ते त्याचं त्यालाच माहीत. सरांनी कागद मारायला सांगितला होता. चौकटीवर वर्तमानपत्र ताणून लावायचं, दोनेक मीटरवरून त्यातून बाण मारायचा आणि भोक वाचायचं. टोक जिथून जातं तिथं गोल भोक पडतं, मागची तीन पिसं कागद कापत जातात. दोन्ही एकाच जागी असतील तर बाण सरळ निघाला. फाटलेलं वर गेलं असेल तर शेपूट वर होती, बाजूला गेलं असेल तर शेपूट बाजूला होती. आमच्या पोरीचा कागद वर आणि डावीकडे असा तिरपा फाटत होता.

"आणि घरातला एक पेपर शिल्लक नाही," वहिनी म्हणाल्या. "फडताळात घालायला ठेवलेला गठ्ठा गेला. ह्यांचं शब्दकोडं सोडवायचं राहिलेलं पानसुद्धा गेलं!"

आता यात एक पात्र आहे, त्याचं नाव घेत नाही, भिंतीलाही कान असतात. वहिनींचे धाकटे बंधू. रविवारी जेवायला आले, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि एलन-की घेऊन बसले. बाण टेकतो तो रेस्ट वर घेतला. दोरीवरची लूप, जिथं बाणाचा नॉक, म्हणजे शेपटाकडची खाच, अडकतो, ती खाली घेतली. मग धनुष्याच्या वरच्या पात्याचा बोल्ट अर्धा आटा आवळला. खालचा राहून गेला, कारण तेवढ्यात आमरस आला. शेपूट वर असेल तर रेस्ट किंचित वर किंवा लूप किंचित खाली, हे बरोबर आहे. पण दोन्ही एकदम, आणि वर पात्याचा बोल्ट! आता फरक कशानं पडला हे देवसुद्धा सांगणार नाही. वर्कशॉपात असं करणाऱ्या पोराला आम्ही आठ दिवस नुसतं डिझेलनं सुटे भाग धुवायला बसवायचो.

मी पोरीला एक वही दिली. आधी धनुष्य कंपनीच्या मापावर आणायचं. दोन्ही बोल्ट पूर्ण आवळून सारखेच आटे सैल करायचे, चाकाच्या आसापासून आसापर्यंत माप घ्यायचं, रेस्ट होता तिथं न्यायचा. मग एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या सुताचा, आणि प्रत्येक बदलानंतर तीन बाण. वहीत लिहायचं. "काका, याला दोन दिवस लागतील," ती म्हणाली. चार लागले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मैदानावर गेलो. सरांनी पहिल्यांदा बाणांच्या दांड्या धनुष्याच्या जोराला जुळतात का ते पाहिलं. जुळत होत्या. मग ते बाजूला उभे राहिले, पोरीला बाण लावून टार्गेटकडे तोंड करून हळूच ओढायला सांगितलं. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही हा तिथला पहिला नियम. बाण नसला तर सगळा जोर पात्यांवर, चाकांवर आणि दोरीवर उलटतो. पातं तडकतं, दोरी तुटून तोंडावर येते. घरी वहिनींच्या धाकट्या मुलानं एकदा रिकामी दोरी ओढली होती. वहिनींनी हातातली परात टाकून त्याचा हात धरला, हळूहळू परत आणला. तो किस्सा त्या अजून दबक्या आवाजात सांगतात, आणि तो दबका आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

सरांना एका नजरेत दिसलं. वरच्या चाकाची अडकण आधी टेकत होती, खालची मागून. दोन्ही एका क्षणी टेकायला हव्यात, नाहीतर दोरी सुटताना बाणाची शेपूट वर-खाली ढकलली जाते. दोष नव्या दोऱ्यांचा. नवी दोरी म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल, पायाला बसेपर्यंत तिचं माप काही खरं नाही. दोनेकशे बाण झाले की केबल ताणून स्थिरावते, दोन केबली सारख्या ताणतील असं नाही. दोरीतलं पीप, म्हणजे ज्यातून पाहून नेम धरतात ते भोकही, फिरलं होतं. पोरगी म्हणायची, "नेम धरताना अर्धवटच दिसतं." ते याचंच लक्षण, पण घरात सगळे तिचा चष्म्याचा नंबर वाढला म्हणत होते! वहिनींनी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. सरांनी धनुष्य प्रेसमध्ये दाबून केबलला पीळ दिला, पीप सरळ केलं, चाकांवर पेनानं खुणा केल्या. पुढं पुन्हा सरकलं तर खुणेवरून कळावं.

वरचं फाटणं निम्मं झालं. संपलं नाही.

तिथं लिपस्टिकचं प्रकरण आलं. पिसं रेस्टच्या पात्याला घासतात का हे डोळ्यांना दिसत नाही, बाण फार वेगात जातो. म्हणून पिसांच्या कडेला काहीतरी रंग लावायचा आणि बाण मारून रेस्टवर डाग पडतो का पाहायचं. पोरीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काकू, लिपस्टिक आहे?" आमच्या हिनं भाचीच्या लग्नातली, एकदाच वापरलेली, मरून रंगाची कांडी दिली. डाग पडला. एक पीस वर, दोन खाली आणि पातं त्या दोघांच्या मधून, अशी रचना हवी. नवे नॉक बसवताना पोरीनं ते थोडे फिरवून बसवले होते. बारा बाणांचे नॉक फिरवले. कागद आता वर फाटेना.

डावीकडे मात्र फाटतच होता. इथं मी रेस्ट सरकवायला निघालो होतो, खरं सांगतो. सरांनी हात धरला. म्हणाले, आधी तिचा चेहरा बघा. पाहिलं तर दोरी गालात रुतत होती, पोरगी मान मागे टाकत होती. नव्या धनुष्याची ओढ तिच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब लावून आली होती. गालाला अडलेली दोरी सुटताना बाजूला ढकलली जाते, बाण शेपूट हलवतो. चाकावरची ओढ ठरवणारी लहान पट्टी बदलून ओढ अर्धा इंच कमी केली, आणि मूठ आवळायची सवय सोडायला सांगितली. नुसतं अंगठ्याच्या बुडावर धनुष्य टेकवायचं, बाकी बोटं सैल. कागदात गोल भोक पडलं, त्याला पिसांच्या तीन चिरा. पोरीनं ते पान घडी करून पाकिटात ठेवलं.

हे सगळं ऐकून आजींनी भलतंच काढलं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच येतंय, पण फक्त मिश्र जोडीचं, एक मुलगा आणि एक मुलगी. आजी म्हणाल्या, "जोडीला मुलगा कुठला? आपल्यातला आहे का? घरदार बघा." वहिनींनी पाण्याचा पाइप बंद करून घेतला आणि आत गेल्या.

रविवारी पन्नास मीटरवरून पोरीनं सहा बाण मारले. दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, आपल्या चहाच्या बशीहून लहान. चार त्यात बसले, दोन नवात. सर म्हणाले, दोऱ्या अजून थोड्या ताणतील, महिनाभर दर आठवड्याला कागद मारा.

तेव्हा गल्लीतल्या सर्वांना सांगणं आहे, जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला देऊ नका, आमच्या कंपाउंडवर आणून ठेवा. आणि लिपस्टिक मागायला येणार असाल तर मरून संपली आहे.