मु. पो. बोरी: अमेरिकेचा इतिहास, गाळलेल्या पानांसह

तीर्थरूप नाना आणि माय यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अमेरिकेच्या शाळेतला अमेरिकेचा इतिहास पाच पायऱ्यांत संपतो. 1492 मध्ये कोलंबस येतो, 1621 मध्ये टर्की शिजते, 1776 मध्ये स्वातंत्र्य जाहीर होते, मग लिंकन गुलामांना मोकळे करतो आणि 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरतो. पायऱ्यांच्या मधे काय घडले, हे विचारणाऱ्या मुलाला शिक्षक प्रकल्प देतात. फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरात राहणाऱ्या, परभणी जिल्ह्यातल्या बोरीच्या एका कुटुंबातील नातीने तसा प्रश्न विचारला आणि परिसराचा न शिकवलेला इतिहास शोधण्याचा प्रकल्प घरी आला. प्रकल्प मुलांना मिळतो आणि आईबाप तो करतात, ही रीत भारतातून अमेरिकेत गेली की अमेरिकेतून भारतात आली, याविषयी जाणकारांत एकमत नाही. सदर कुटुंबाच्या मागील पत्राचा फोटो नानांनी ‘पाल्हाळ फार, मुद्दे विस्कळीत, मी-मी टाळावे’ असा लाल शाईचा शेरा मारून परत पाठवला होता. त्यामुळे हे पत्र पाठ्यपुस्तकाच्या शिस्तीत लिहिले आहे.

आरंभ जमिनीपासून करावा लागतो. हे उपनगर ज्या मातीवर उभे आहे ती लेनापे लोकांची. पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणाऱ्या विल्यम पेन याने लेनापेंशी सलोख्याचे करार केले, हा भाग शाळेच्या पुस्तकात रंगीत चित्रासह असतो. पेनच्या मुलांचे चित्र नसते. बापामागे मुलांवर कर्ज झाले आणि त्यांनी 1686 सालचा म्हणून एक जुना कागद बाहेर काढला. माणूस दीड दिवसात चालत जाईल तिथपर्यंतची जमीन लेनापेंनी पेनला दिली, असा त्या कागदाचा मजकूर. कागद पक्का होता याचा धड पुरावा नव्हता. तरी लेनापेंच्या कारभाऱ्यांनी मान डोलावली, कारण चालणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते: माणूस नदीच्या कडेने जाईल, दमला की बसेल, तंबाखू ओढेल, भाकरतुकडा खाईल.

पेनबंधूंच्या मनात वेगळे चालणे होते. त्यांनी जंगलातून वाट आधीच साफ करून घेतली, पट्टीचे तीन गडी निवडले आणि पाच पौंड व 500 एकरांचे आमिष दाखवले. 19 सप्टेंबर 1737 च्या सकाळी राइट्सटाउनहून तिघे निघाले. सोबत गेलेल्या लेनापेंनी थोड्या वेळाने ‘अहो, चाला, पळू नका’ अशी कुरकुर केली आणि मग ते वैतागून मागे फिरले. दोन गडी वाटेत गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, दुसऱ्या दिवशी दुपारी साठ मैलांच्या पुढे जाऊन थांबला. खरी हातचलाखी त्यानंतरची. जिथे मार्शल थांबला तिथून नदीकडे सरळ आडवी रेघ न ओढता मोजणीदारांनी ती तिरपी, ईशान्येकडे ओढली आणि हजार चौरस मैलांहून जास्त मुलूख पेनांच्या घशात गेला. मोजणीच्या दिवशी साखळी कोण धरतो याकडे डोळ्यांत तेल घालून बघावे, हे बोरीच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तिथे बांध हातभर सरकला तरी दोन पिढ्या तारखा चालतात.

लेनापे हळूहळू पश्चिमेकडे ढकलले गेले. त्यांचे वंशज आज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडात आहेत. पेनसिल्व्हेनियात आज सरकारमान्य असा एकही आदिवासी समूह नाही. ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशन या लेनापेंच्या समूहाने 2004 मध्ये त्या जुन्या मुलखातल्या सुमारे 300 एकरांसाठी दावा लावला. फसवणूक झाली असे धरून चालले तरी हक्क तेव्हाच संपला, असे न्यायालयांनी सांगितले आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. हा भाग व्हिडिओ कॉलवर सांगितला तेव्हा मायने एकच शंका काढली होती: “मंग तुमच्या घराचा सातबारा कोणाच्या नावावर हाय?” त्याचे उत्तर असे की सध्या तो बँकेच्या नावावर आहे आणि आणखी बरीच वर्षे राहील.

दुसरे प्रकरण जॉर्ज वॉशिंग्टनचे. बापाच्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून खरे बोलणारा मुलगा मराठी शाळांच्या फळ्यावरही पिढ्यान् पिढ्या उभा राहिला. नानांनी तो स्वतः अनेक इयत्तांना शिकवला आणि वर्गात खडू चोरणाऱ्याला त्याचाच दाखला दिला. ही गोष्ट मेसन वीम्स नावाच्या पुस्तकविक्या पाद्र्याने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, 1806 च्या आवृत्तीत घातली. खरेपणाची सर्वांत गाजलेली गोष्ट अशी रचलेली निघाली, पण खडू चोरणाऱ्यांना आता बोलावून सांगण्यात अर्थ नाही.

वॉशिंग्टनच्या कवळीचीही अशीच कथा. ती लाकडाची होती असे मुलांना हसत हसत सांगतात. ती हस्तिदंत, धातू आणि जनावरांच्या व माणसांच्या दातांची होती. माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्याच्या हिशेबवहीत मे 1784 मध्ये एक नोंद आहे: काळ्या लोकांना नऊ दातांबद्दल सहा पौंड दोन शिलिंग दिले. दात कोणाचे, ते कसे काढले, नंतर ती माणसे काय खात होती, याबद्दल वही गप्प आहे. ते दात त्या कवळीत बसले की नाही हेही ती सांगत नाही. एका ओळीच्या त्या नोंदीने नातीचे जेवण दोन दिवस अडले. सुनेने केलेली थालिपीठे वाया जाऊ नयेत म्हणून ती मुलाने खाल्ली.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी काही वर्षे फिलाडेल्फियात होती आणि त्याच्या बिऱ्हाडात गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाचा 1780 चा कायदा आडवा येत होता. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने या राज्यात राहिला तर त्याला सुटका मागता येई. त्यामुळे सहा महिने भरत आले की वॉशिंग्टन त्यांना काही निमित्ताने राज्याबाहेर पाठवून परत आणी, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे गुपचूप करावे, त्या माणसांना आणि लोकांना संशय येऊ नये, अशी सूचना त्याने आपल्या चिटणिसाला पत्राने दिली होती. चेरीच्या झाडाच्या गोष्टीशेजारी हे पत्र छापले तर पाठ फार सुंदर होईल.

त्या घरात ओना जज नावाची तरुण मुलगी मार्था वॉशिंग्टनची दासी होती. तिला मार्थाच्या नातीच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचे ठरले. 21 मे 1796 च्या संध्याकाळी मालक-मालकीण जेवायला बसलेले असताना ती घराबाहेर पडली आणि गलबताने न्यू हॅम्पशरला पोचली. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलर, अशी वर्तमानपत्रात जाहिरात आली. माणसे पाठवूनही ती हाती लागली नाही. तिने लग्न केले, मुले झाली, नवरा आणि मुली तिच्या आधी गेल्या, दारिद्र्यात दिवस गेले. 1840 च्या दशकात वर्तमानपत्रांनी तिला गाठले तेव्हा पळून गेल्याचा पस्तावा नाही, असे तिने स्वच्छ सांगितले. 1848 मध्ये ती वारली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती फरारीच होती. स्वातंत्र्याची ती प्रसिद्ध तडकलेली घंटा ठेवली आहे तिथून हे घर हाकेच्या अंतरावर होते. 2010 मध्ये त्या जागी स्मारक उभे राहिले आणि तिथल्या नऊ गुलामांची नावे दगडात कोरली गेली. एरिका आर्मस्ट्राँग डनबार यांनी ओनावर लिहिलेले पुस्तक 2017 मध्ये आले. नातीने त्याची मुलांसाठीची आवृत्ती ग्रंथालयातून आणली आणि परतीची तारीख उलटल्यावरही दिली नाही. फिलाडेल्फिया शहराच्या सरकारी शाळांत 2005 पासून आफ्रिकन-अमेरिकन इतिहास हा सक्तीचा विषय आहे. उपनगरात घर मोठे मिळते, विषय मिळत नाही.

नातीच्या वर्गात या सगळ्याला ‘नवा दृष्टिकोन’ म्हणतात. मराठीत तो बराच जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ काढली तेव्हा ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला झीज सोसली होती. इथल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही अपेक्षाही तिथेच छापली. पुढे मार्च 1886 मध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या कॉलेजात 1885 मध्ये काढलेले एक छायाचित्र आहे: नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बुली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. नातीने हा फोटो तक्त्याच्या मधोमध चिकटवला. गुलामीच्या प्रकरणाशी त्याचा संबंध काय, असे विचारल्यावर ‘मला आवडतो’ हे कारण तिने दिले. ते ग्राह्य धरले.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि 1888 पर्यंत अमेरिकेत हिंडल्या. परत येऊन 1889 मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत छापले. अमेरिकेतल्या बायकांच्या संस्था, शाळा आणि उद्योग यांचे त्यांनी भरभरून कौतुक केले. त्याच पुस्तकात युरोपियनांनी मूळ रहिवाशांची केलेली दैना आणि काळ्या लोकांविषयीचा वर्णद्वेष यांवरही त्यांनी बोट ठेवले. पाहुणचार घेतलेल्या घराची उणी बाजू लिहायला धैर्य लागते. अमेरिकेतली आजची मराठी मंडळी पाहुणचाराच्या फोटोंवरच थांबतात, त्या मानाने रमाबाई फार पुढे होत्या.

भारतीयांचे स्वतःचे पान लहान आहे. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले आणि आधी नागरिक झालेल्या इतर भारतीयांचेही कागद रद्द होऊ लागले. दार किलकिले झाले ते 1946 मध्ये, तेही वर्षाला 100 माणसांपुरते. 1965 च्या कायद्याने ते नीट उघडले. त्याआधी काळ्यांची नागरी हक्कांची चळवळ झाली नसती तर ते उघडणे अवघड होते, ही गोष्ट गणपतीच्या आरतीनंतरच्या राजकीय चर्चेत सहसा निघत नाही.

त्या चर्चेत लेनापेंची जमीन आणि ओनाची सुटका मात्र हातोहात खपते. दुसऱ्याच्या घरातले सांगाडे बघायला सगळ्यांना आवडते. पण शेजारच्या मुलाने सहावीच्या पुस्तकातला प्राचीन भारताचा धडा काढला, त्यात जातिव्यवस्थेवर परिच्छेद निघाला आणि जिलेबी खाणारे हात थांबले. ‘हे लहान मुलांना कशाला?’ असा सूर आला. नेमका हाच वाद 2005-06 मध्ये कॅलिफोर्नियात झाला होता. तिथल्या सहावीच्या पुस्तकांतला जातीचा आणि स्त्रियांचा भाग सौम्य करावा अशी मागणी काही हिंदू संघटनांनी केली. इतिहासकारांनी आणि दलित गटांनी तिला विरोध केला. मुलांची शाळेत चेष्टा होते, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती. तरी त्यावरचा इलाज पान फाडणे हा नव्हता. वॉशिंग्टनचे दात चालतात आणि आपल्या गावचे पाणवठे चालत नाहीत, याला इतिहास म्हणत नाहीत.

म्हणून प्रकल्पाचा शेवटचा भाग बोरीकडे वळवला आहे. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला हे मुंबई-पुण्याच्या पोरांना पाठ असते. त्या दिवशी परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुढचे तेरा महिने तिथेच राहिला, हे त्यांच्यातल्या पुष्कळांना लग्नानंतर सासुरवाडीत कळते. रझाकार, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, 17 सप्टेंबर 1948 ची मुक्ती, हे मराठवाड्यात तरी झेंड्याखाली सांगतात. त्यानंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर काय गुदरले, ते झेंड्याखालीही सांगत नाहीत. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही.

नाना तेव्हा लहान होते, पण कळत्या वयाचे होते. त्या तेरा महिन्यांत आणि त्यानंतर बोरीत काय झाले, बाजार भरत होता का, कोण गाव सोडून गेले, कोण परतले, कोणाची जमीन कोणाच्या नावावर लागली, हे त्यांनी सांगून पाठवावे. मुसलमान मोहल्ल्यातल्या त्यांच्या जोडीदारालाही विचारावे आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत द्यावे. फोनवर नाना बोलू लागले की मायचे बोलणे मागे पडते, असा आजवरचा अनुभव आहे. तरी मायने आपली हकिकत वेगळी रेकॉर्ड करून पाठवावी. नानांनी ती तपासू नये.

कळावे, लोभ असावा.

फिलाडेल्फियाची मंडळी