बिनमोटरीचं पाणी

मुरुमच्या माणसाला धबधबा बघायचा असेल तर आधी फोन करावा लागतो. आमचा हक्काचा धबधबा नळदुर्गच्या किल्ल्यात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला, बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आणि जास्तीचं पाणी जायला वरून दोन वाटा ठेवल्या. एकीचं नाव नर, दुसरीचं मादी. पाऊस बरा झाला, बांध भरला, तरच त्या वाहणार. म्हणून ढग जरा मनावर घेताना दिसले की नळदुर्गात ज्याचा पावणा असेल तो त्याला फोन लावतो.

"सुरू झाले का?"

"नर झालाय. मादीचं काही सांगता येत नाही."

एसटीत शेजारी बसलेल्याला आपण शेळ्यांचे व्यापारी वाटतो, पण इलाज नाही. काही वर्षं तर फोन लावायची वेळही येत नाही.

त्यामुळे घरातल्या पोरांनी "कोकणात जाऊ, धबधबे बघू, जंगलात चालू" असा ठराव मांडला तेव्हा आण्णांना तो मुळातच संशयास्पद वाटला. आण्णा माझे थोरले चुलते. शेतात दोन बोअर, एक कोरडं आणि एक लहरी. पाणी ही बघायची वस्तू आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. "पाणी आलं की भरायचं असतंय," ते म्हणाले, "बघत बसलं की जातंय."

पोरांचा पहिला डोळा गोव्यातल्या दूधसागरवर होता. मांडवीचा धबधबा, तीनशे मीटरच्या वर उंची, मधून आगगाडी जाते, रीलला आणखी काय पाहिजे? पण जुलै 2023 मध्ये रुळांवरून चालत दूधसागरला निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ आण्णांच्याही मोबाइलवर येऊन गेला होता. त्यांचे दोन्ही गुडघे डॉक्टरांच्या ताब्यात. "बुडून मेलेलं परवडलं," त्यांनी निकाल दिला, "उठाबशा जमायच्या नाहीत." त्याच महिन्यात गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदीही घातली होती. तिथेही अपील करायला जागा नव्हती. म्हणून मग आंबोली.

सोलापूर ओलांडून मिरज आलं आणि आण्णांनी गाडीतूनच हात जोडले. देवळाला नव्हे, स्टेशनाला. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती इथूनच. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. लातूर आमच्या शेजारचं, घरटी एक तरी सोयरा तिथे. त्या उन्हाळ्यापासून आण्णांनी लिटर आणि टीएमसी दोन्ही सोडून दिले. पाण्याचं त्यांचं माप एकच उरलं, रेल्वे.

गडहिंग्लज, आजरा मागे पडलं आणि पाऊस लागला. लागला म्हणजे कायमचाच. आमच्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडला तरी लोक पेढे वाटतात. आंबोलीत साधारण सात हजार पडतो आणि कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. लॉजच्या मालकांनी विचारलं, "तुमी खंयसून इलास?" मी मुरुम म्हणालो. कौलांवरच्या आवाजात त्यांना ते मुरुड ऐकू आलं. समुद्रकाठचे पावणे समजून त्यांनी रात्री आमच्यासमोर बांगड्याच्या ताज्या-शिळ्याची चर्चा अशी काही लावली की आम्ही नुसते जाणत्यासारखे माना हलवत राहिलो. आण्णा शेवटी धपाटे आणि शेंगाचटणी काढून बसले. चटणीही सर्दावली होती. मुरुमात धोतर पिळून दोरीवर टाकेपर्यंत अर्धं वाळलेलं असतं. इथे कोरडं धोतर दोरीवर टाकलं तर सकाळी ओलं मिळतं.

दुसऱ्या दिवशी मुख्य धबधब्यावर गेलो. रविवार. गाड्यांची रांग, कांदाभज्यांचा वास, कणसावर डोळा ठेवून बसलेली माकडं, आणि स्पीकर गाडीच्या डिकीत ठेवून निसर्गाच्या सान्निध्यात आलेली मंडळी. पोरं थेट पाण्याखाली. आण्णा मात्र कठड्याला टेकून डोळे मिटून ओठ हलवत होते. मला वाटलं नामस्मरण चाललंय. जवळ गेलो तर हिशोब.

"दोन मिनिटाला एक रेल्वे जायलीय," ते म्हणाले, "अन् पोच घ्यायला एक माणूस नाही."

हे पाणी खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं असं मी सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

कावळेसादला त्यांचा खरा कस लागला. गेळे गावाजवळची ही दरी. कड्यावरून ओहोळ खाली पडायला निघतात आणि दरीतून चढणारा वारा त्यांना धरून परत वर फेकतो. पडलेलं पाणी पुन्हा आपल्या अंगावर. पर्यटक किंचाळत होते, छत्र्या उलट्या होऊन दरीची पाहणी करायला निघाल्या होत्या. आण्णा भिजत उभे. मग हळूच म्हणाले, "मोटर कुठं बसवलीय?"

"मोटर नाही आण्णा, वारा आहे."

"बिल?"

"बिल नाही."

बराच वेळ ते बोलले नाहीत. विहिरीतून टाकीत पाणी चढवायला पाच अश्वशक्तीची मोटर, रात्री दोनला येणारी वीज, जळालेली वाइंडिंग आणि रोहित्रासाठी केलेली वर्गणी ज्याने आयुष्यभर सोसली, त्याच्यासमोर पाणी असं आपखुशीने, हसत, फुकट वर जाताना बघणं हा थोडा अपमानच होता. निसर्गसौंदर्य वगैरे आपण म्हणतो. आण्णांना ती सरळसरळ चढवून मारलेली टांग वाटली.

हिरण्यकेशीला मात्र त्यांचं मन रमलं. गुहेतून पाणी येतं, समोर कुंड, वर महादेव. या कुंडात माशाची एक नवी जात सापडल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. "माशाचा प्रस्ताव वर्षात मंजूर," आण्णा म्हणाले. त्यांचा शेततळ्याचा अर्ज कुठे आहे ते कुणी विचारू नये.

आमच्याबरोबरच्या वाटाड्या पोराने सांगितलं की ही नदी कोकणात उतरत नाही, पूर्वेला जाते. पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आण्णा ताठ झाले. पूर्वेला म्हणजे आपल्या बाजूला! मी मोबाइलवर नकाशा उघडला. आमची बेनितुरा मुरुमहून पुढे कर्नाटकात जाऊन कागिण्याला मिळते, कागिणा भीमेला, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला. म्हणजे आंबोलीचं पाणी आणि मुरुमचं पाणी एकमेकांचे सोयरे निघाले. आण्णांनी कुंडाकडे नव्या नजरेने पाहिलं.

"म्हणजे हे आपल्याकडं येतंय?"

"नाही. आपलं त्याच्याकडं जातं."

"आपलं?" त्यांचा आवाज चढला. "आपल्याकडचं पाणी आपण कृष्णेला द्यायलोय?"

द्यायलोय खरे. आणि तेच कृष्णेच्या खोऱ्यातून परत आणण्यासाठी कृष्णा-मराठवाडा नावाची 23.66 टीएमसीची योजना वर्षानुवर्षं ऐकायलोय. हा व्यवहार त्यांना देवळाच्या पायरीवर समजावून सांगणं मला धार्मिक दृष्ट्या बरोबर वाटलं नाही.

रात्री जंगलवाट. आंबोलीत पावसाळ्यात लोक बॅटऱ्या घेऊन बेडूक बघायला जातात, आणि पैसे देऊन जातात. 2009 मध्ये नव्या जातीचा म्हणून नोंदवलेला आंबोली टोड हा छोटासा भेक या भागापलीकडे फारसा कुठे नाही. पोरं कॅमेरे लावून चिखलात पालथी पडली. आण्णा लहानपणी धोंडी झालेले. अंगाला कडुलिंबाचे डहाळे, काठीला बांधलेला बेडूक, दारोदार फिरून अंगावर घागरी ओतून घ्यायच्या आणि पाऊस मागायचा. त्यांनी बॅटरीच्या उजेडात त्या भेकाला बराच वेळ न्याहाळलं. "एवढंसं हाय," ते म्हणाले, "पण वशिला मोठा."

वाटेवर जळवा होत्या. वाटाड्या म्हणाला, "भियाव नका. तंबाखू असली तर पायाक चोळा." इथे सांगितलं पाहिजे की आण्णांच्या तंबाखूवर आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आंदोलन चालू आहे. डॉक्टर, सुना, जावई, सगळे थकले. त्या रात्री त्यांनी कनवटीची पुडी अशी काही काढली की जणू ते आयुष्यभर हिचं राखण करत आले होते ते याच प्रसंगासाठी. सगळ्यांच्या पायाला स्वतःच्या हाताने लावली. मी तत्त्वाखातर नको म्हणालो. रात्री झोपताना माझ्या पोटरीतून निघालेलं रक्त थांबेना. शेजारच्या कॉटवर ते मळत बसले होते, मुद्दाम मोठ्याने.

निघायच्या सकाळी वाटाड्या निरोपाला आला. त्याची वाडी घाटाखाली, कोकणात. आण्णा म्हणाले, "नशीबवान हायस बाबा, जन्मभर पाणी." पोरगा हसला. "खंयचा काय! मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येता. जांभ्यात पाणी ऱ्हवत नाय, सगळा धावता समुद्राक."

आण्णांच्या चेहऱ्यावर सबंध प्रवासात न दिसलेलं तेज आलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि सुरुवात केली. रांगेत माणसं उभी करायची नाहीत, घागरी ठेवायच्या. पाइप कधीही टँकरवाल्याच्या हातात ठेवायचा नाही, पण चहा त्यालाच आधी द्यायचा. चढावरच्या घरांनी आधी भरायचं, उतारावरचे नंतर, नाहीतर भांडण कोर्टात जातं. टँकर रात्री येतो म्हणाला तर पहाटे येतो, पहाटे म्हणाला तर येत नाही. ड्रमवर नाव ऑइलपेंटने लिहायचं, दोन्ही बाजूंनी.

पोराने मोबाइल काढून रेकॉर्डिंग चालू केलं. "आणि ड्रम खंयचो घेवचो, आण्णा?"

"दोनशे लिटरचा," आण्णा म्हणाले, "पण निळा घेऊ नकोस. चोरीला गेला तर ओळखायचा कसा? सगळ्यांचे निळेच असत्यात."