सव्वादोन युरोची भाकरी

स्टुटगार्ट,
नोव्हेंबर 2025, रविवार दुपार

ती. सौ. वहिनीस,


पत्र कशाला, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. पण फोन केला की दादा स्पीकर लावतो आणि आपल्या घरचं बोलणं कोल्हापुरातली निम्मी शिवाजी पेठ ऐकते. मागं मी नुसतं "आज रात्री ब्रेडच खाल्ला" म्हणालो, तर लगेच मामांचा फोन आला, "पोरं उपाशी हाईत म्हणं तिकडं!" म्हणून हे कागदावर. दादाला वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त मधला हिशोब आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा.

दादाचा प्रश्न साधाच होता. "तिकडं हाटेल परवडत नाही, मान्य. पण घरी करून खाल्लं की सुटतात किती, ते सांग." उद्यमनगरात उभी हयात लेथपाशी गेलेला माणूस तो. त्याला देवाच्या प्रसादाचंसुद्धा कॉस्टिंग लागतं. म्हटलं, त्याच्याच पद्धतीनं काढू. माल किती आणि मजुरी किती.

जॉब : ज्वारीची भाकरी. नग पाच.

माल आधी. इथल्या देशी दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, किलोला साडेतीन युरो. पीठ गिरणीतून कधी निघालं ते पिशवीवर छापलेलं असतं, पण जेवायचं असेल तर ते वाचायचं नाही. विरी पार गेलेली असते. उकळतं पाणी घालून मळलं तरी थापताना कडा फाटतात आणि परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचा नकाशा होतो. त्यात शेगडी काचेची, जाळ कुठं दिसायचा नाही. तुम्ही तवा बाजूला सारून भाकरी जाळापुढं उभी करता आणि ती टम्म फुगते, ती सोय इथं नाही. वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग फडक्याचा बोळा करून कडेकडेनं दाबत बसायचं. तिच्या मनात आलं तर फुगते.

आता मजुरी. जर्मन सरकारनं 2025 सालासाठी कमीत कमी मजुरी ठरवून दिलीय, तासाला 12.82 युरो. मी तोच दर लावला, इंजिनिअरचा नाही, कारण भाकरी थापताना माझ्या डिग्रीचा काही उपयोग होत नाही. पीठ मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत पाऊण तास, त्याचे 9.62. पीठ अर्धा किलो, त्याचे 1.75. एकूण 11.37, भागिले पाच. एक भाकरी सव्वादोन युरोला पडली. युरो शंभरीच्या पुढं गेलाय, तेव्हा रुपयांचा गुणाकार तुम्हीच करा. वीज धरलेली नाही, नाहीतर घास उतरला नसता.

सुपरमार्केटात ताजा पाव चाळीस सेंटच्या आत येतो. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, "मग पाव खा." खर्ड्याबरोबर पाव खाऊन बघितलाय. नको.

या हिशोबाला आधार आहे बरं का. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1965 साली एक लेख लिहून हेच मांडलं. घरातल्या जेवणाची खरी किंमत म्हणजे बाजारातनं आणलेल्या जिनसा अधिक त्याला गेलेला वेळ. पुढं 1992 साली त्याला नोबेल मिळालं. "एवढं सांगायला नोबेल?" असं तुम्ही म्हणणार हे मला इथं बसून ऐकू येतंय.

मी मोठ्या ऐटीत हा कागद घरात वाचून दाखवला, तर तुमच्या जाऊबाईंनी एका वाक्यात तो निकालात काढला. "तो पाऊण तास भाकरी केली नसती तर काय केलं असतं? मोबाईल बघितला असता. त्याचे साडेनऊ युरो कोण देतंय तुम्हाला?" खरं आहे. संध्याकाळी सात वाजता माझ्या वेळेला गिऱ्हाईक नाही. तेव्हा दादाला सांगा, मजुरी सोडली तर घरच्या जेवणात चांगले पैसे सुटतात, आणि मजुरी धरली तर उलट आम्हीच कुणाचं तरी देणं लागतो. त्याला जे पटेल ते घ्यावं.

तुमचा हिशोब मात्र मी वेगळा केला. आपल्या सरकारनं 2024 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली, कोण दिवसभरात काय करतं याची. त्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, बिनपगारी. आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटं. यातली दादाची 88 कुठं जातात ते मला कळलेलं नाही. दूध आणायला गंगावेशीत जातो ती धरली असतील, पण तिथं दूध कट्ट्यावर स्वतः पेलाभर पिऊन गप्पा हाणतो ती वजा करायला पाहिजेत. असो. तुमच्या 289 मिनिटांना इथला दर लावला तर दिवसाचे जवळजवळ 62 युरो होतात. वर्षाचे साडेबावीस हजार. गौरी-गणपती, दिवाळी, म्हाईचा ओव्हरटाइम यात नाही. लग्नाच्या वर्षापासूनची थकबाकी तुम्ही काढा. दादाला आकडा सांगताना त्याच्या हातात गरम चहा नाही एवढं बघा.

यावर तुमच्या जाऊबाईंना मी विचारलं, "मग वहिनींच्या वेळेला तरी गिऱ्हाईक कुठं होतं?" त्या म्हणाल्या, "त्यांना दुकान उघडू दिलं होतं काय कुणी?" मी पुढं काही बोललो नाही, भांडी घासायला घेतली.

आता बाहेरच्या खाण्याचं. ते थोडक्यात उरकतो, कारण लिहिताना त्रास होतो. देशी हाटेलात एक भाजी आणि भात पंधरा युरोच्या खाली येत नाही. पाणी विकत. मिसळीवर "कट वाढा" म्हटलं की तुमच्याकडं भांडं घेऊन पोरगा येतो, इथं वाटीभर चटणी जास्त मागितली तर ती बिलात येते. एका ठिकाणी मेनूत 'कोल्हापुरी' नावाची भाजी होती. छाती फुगवून मागवली. लालभडक रंग, वर क्रीम आणि चव गोड. पोरीनं विचारलं, "बाबा, कोल्हापूर असं लागतं?" वाढणाऱ्या पोराला मी टीप दिली नाही. शिवाय 2024 पासून हाटेलात खाल्लं तर कर 19 टक्के आणि किराणा आणून घरी केलं तर बहुतेक जिनसांवर 7 टक्के. सरकारचंही म्हणणं घरीच करा असं दिसतंय.

गरीब माणसाचं बाहेरचं खाणं म्हणजे डोनर, तुर्की लोकांनी इथं रुजवलेलं, पावात घातलेलं मटण-चिकन. ते सात-आठ युरोंवर गेलं तेव्हा देशभर बोंब झाली. तरुण पोरं भेटतील तिथं तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांना डोनरचा भाव विचारायची. 'दी लिंके' नावाच्या डाव्या पक्षानं 2024 साली मागणी केली की डोनर 4.90 युरोच्या वर जाता कामा नये, वरचा भार सरकारनं सोसावा. इथले माझ्या ऑफिसातले लोक हसत होते. मी हसलो नाही. मी त्यांना सांगितलं, 2019 साली आमच्या गावात मटण महागलं तर पेठापेठांतली माणसं रस्त्यावर आली होती आणि दर पाडायला कृती समिती बसली होती. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

इथल्या लोकांनी संध्याकाळच्या स्वयंपाकाचा प्रश्न कसा सोडवलाय माहितीय? स्वयंपाकच करत नाहीत. गरम जेवण दुपारी. रात्री ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं, झालं तर सॉसेजचे काप. याला ते 'आबेंडब्रोट' म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. सहाला जेवायला बसतात, साडेसहाला ताट धुऊन मोकळ्या. मी विचारलं, "आणि गरम काय?" म्हणाल्या, "चहा." या भागातली श्वाबियन माणसं काटकसरीला सगळ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत, पण वेळेची काटकसर मी पहिल्यांदा बघितली. त्यांचं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्सले. आजी लाकडी फळीवर सैलसर पीठ पसरतात आणि सुरीनं त्याचे बारीक काप थेट उकळत्या पाण्यात ढकलतात. हात इतका भराभर चालतो की दादानं बघितला तर लेथवर ठेवून घेईल. मसुरात वरून व्हिनेगर. इस्लामपूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर खाल्लेल्या माणसानं ते मनातल्या मनात माफ करावं लागतं.

मधल्या वारी आम्हीही रात्री ब्रेडच खातो, मामांना सांगू नका. मला हळूहळू कळलं ते हे, की आमच्याकडं पैसा थोडा कमी आहे आणि वेळ थोडा कमी आहे, पण संध्याकाळी साडेसहाला अंगात जीव फार कमी असतो. त्या वेळी लसूण सोलायचा म्हटलं तरी माणूस रडकुंडीला येतो. शनिवारी सकाळी तोच लसूण गाणी लावून सोलतो.

आणि इथं तुमच्या चटणीच्या बरणीचं कौतुक करायला पाहिजे. दादा बॅच प्रॉडक्शनचं मोठं नाव घेतो, पण ते आपल्या घरात त्याच्या आधीपासून आहे. लक्ष्मीपुरीतनं मिरची आणायची, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी आणि लवंगी. कडक उन्हात वाळवायची, देठं काढायला सगळ्या गल्लीला बसवायचं. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला एकेक करून भाजायचा. कांदा तळायचा, लसूण, आलं, कोथिंबीर. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा आणि नाकाला पदर लावून खोकत उभं राहायचं. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायची, मधे हिंगाचे खडे. एवढी सगळी मेहनत एप्रिलात एकदा. ती केली म्हणून इथं नोव्हेंबरात, बाहेर पाचला अंधार पडायला लागलेला असताना, मी कांदा परततो, दोन चमचे चटणी टाकतो, मोडाची मटकी घालतो, आणि वीस मिनिटांत रस्सा उकळतो. भाजणं नाही, वाटणं नाही. त्या वीस मिनिटांत मागची सगळी मिनिटं तुमची आहेत. थकबाकीत ती वेगळी लावा.

चटणी इथं केली असती असं समजू नका. स्वयंपाकघर उघडं, खिडकी थंडीनं बंद, छताला धुराची घंटा. एकदा नुसत्या चार सुक्या मिरच्या भाजल्या तर ती ठणाणा करायला लागली आणि शेजारी जिन्यात जमले. मिक्सरचीही पंचाईत. रविवारी आवाज करायचा नाही, रात्री दहानंतर करायचा नाही. दुकानंही रविवारी बंद. म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत आणायचं ते आणा, वाटायचं ते वाटा. कोथिंबीर राहिली तर सोमवार. आणि कोथिंबिरीचं असं, की जवळच्या दुकानात चार काड्या प्लॅस्टिकच्या डबीत दीड युरोला, आणि तुर्की भाजीवाल्याकडं त्याच भावात मोठी जुडी, पण तो चार स्टेशनं लांब. रेल्वेचा पास महिन्याला 58 युरो भरून काढलेलाच आहे, तेव्हा तिकीट फुकट आणि वेळ जातो. मी जातो. तुमच्या जाऊबाई म्हणतात मी कोथिंबिरीसाठी नाही, भाजीवाल्याशी भाव करायला जातो. कपिलतीर्थ मार्केटची सवय आहे, काय करणार. तो भाव कमी करत नाही, पण लिंबू टाकतो वर.

मधल्या वारच्या ब्रेडवर आता आम्ही चटणी आणि कच्चं तेल लावून खातो. आजींना एकदा दिलं. त्यांनी सुरीच्या टोकावर घेऊन चाटलं, डोळे पुसले, एक पेलाभर पाणी प्यायल्या आणि काही न बोलता वर गेल्या. मला वाटलं आता मालकाकडं तक्रार जाणार. दुसऱ्या दिवशी जामची रिकामी बाटली धुऊन, पुसून, झाकण लावून दारात उभ्या.

तेव्हा यंदा चटणी जास्त पाठवावी लागेल. येणाऱ्या माणसाकडं द्या, पिशवीत पिशवी करून, नाहीतर त्याचे कपडे वर्षभर आपल्या घराचा वास देतील. तूप आणि पेढे मात्र देऊ नका. दुधाचे पदार्थ इथं आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

दादाला, काकींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

आपला धाकटा दीर

ता. क. : पांढरा रस्सा करायचा होता. देशी दुकानातली खसखस संपली होती, पण सुपरमार्केटात खसखस पिशव्या भरभरून, कारण ही माणसं तिचे केक करतात. फक्त ती काळी-निळी असते. रस्सा राखेच्या रंगाचा झाला. चव जमली होती, पण पाहुण्यांना नाव काय सांगायचं ते सुचेना. पुढच्या वेळी खसखस न घालता काजू आणि तीळ वाढवले तर चालेल काय? किती ते कळवा, आणि कृपा करून चमच्याचं माप द्या. "अंदाजानं" लिहू नका, तुमचा अंदाज मला इथं कुठल्याच दुकानात मिळत नाही.