काशीला सोडलेला काजू

रत्नागिरी जिल्ह्यात राहून काजूची अॅलर्जी असणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरण्यासारखं आहे. आमच्या सईने हा अबोला बोलायला लागायच्या आधीच धरला. शेंगदाणा तिला चालतो, नारळ चालतो, कोळंबी तर ती ताटात पडल्यावर भावाच्या ताटातल्याशी मोजून बघते. आंबा काजूच्याच कुळातला, पण तो ती बाठा पांढरा होईपर्यंत चोखते. नडतो तो काजू, आणि त्याचा सख्खा भाऊबंद म्हणून पिस्ता. पिस्त्याचं एक बरं आहे, जयगडात तो कोणी आग्रहाने वाढत नाही. काजूचं तसं नाही. तो घराच्या मागे असतो, पुढे असतो, शेजाऱ्याच्या हद्दीवर असतो, आणि हद्दीवर असला की कोर्टातही असतो.

झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्याकडे आणलं. त्याच शतकात इथल्या नाईकाला नमवायला पोर्तुगीज आणि विजापूरकर हातमिळवणी करून चालून आले होते. पुढे जयगडचा किल्ला १८१८ मध्ये न लढताच इंग्रजांकडे गेला, पोर्तुगीजांच्या तोफाही कुठल्या कुठे गेल्या. काजू मात्र आमच्या शिऱ्यात, उसळीत, मोदकात आणि मुख्य म्हणजे मानपानात ठाण मांडून बसला. कोकणात काजू हा नुसता खायचा पदार्थ नाही. पाहुणा किती जवळचा हे उपम्यात किती काजू लागतात त्यावर ठरतं, आणि लहान मूल दिसलं की यजमानीण वर दिसणारे चार तर घालतेच, पण खाली आणखी दोन लपवून ठेवते. त्यामुळे आमच्या मुलीला या गावात कोणी शत्रू नाही. आम्हाला भीती आहे ती फक्त तिच्यावर प्रेम करणाऱ्यांची.

सई दीड वर्षाची असताना एका बारशात कोणीतरी तिच्या तोंडात काजूकतलीचा तुकडा घातला. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. जमलेल्या बायकांनी एकमताने निदान केलं : पित्त. आमसुलाचं पाणी कालवून तयारही झालं. पित्त हा आमच्याकडचा मोठ्या मनाचा आजार आहे, त्याच्यात काहीही मावतं. डॉक्टरांनी मात्र आमसूल बाजूला ठेवून मांडीत अॅड्रेनलिन टोचलं, तेव्हा पोरीचा श्वास मोकळा झाला. परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, ते आपल्याकडे सहज हाती लागत नाही. म्हणून आमच्या पिशवीत डॉक्टरांनी शिकवून दिलेली अॅम्प्यूल आणि सिरिंज असते. आपण जेवायला जाताना छत्री घ्यायची की नाही याचा विचार करता, आम्ही जिल्हा रुग्णालय पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे याचा करतो.

आमच्या काकूंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, "आम्ही शेतात बिया भाजून खाल्ल्या. तोंडं उतली, हातांची सालं गेली. मेलो काय?" काकू मेल्या नाहीत हे खरंच आहे. पण त्यांची सालं गेली ती बीच्या टरफलातल्या तेलाने, बिब्ब्याने जातात तशी. ते तेल कोणाचीही कातडी सोलतं. सईला बाधतं ते आतल्या गोऱ्यागोमट्या गरातलं प्रथिन, आणि ते भाजल्याने किंवा वाटल्याने पळून जात नाही. काकूंचा दुसरा मुद्दा : "थोडा थोडा देत जा, सवय होते." याला उत्तर फार जुनं आहे. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला जे निळे फुगे येऊन लागतात, त्या जातीच्या जिवाचं विष. परत गेल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्याला सवय व्हावी म्हणून आधी थोडं टोचलं, तो ठणठणीत राहिला. तीनेक आठवड्यांनी पुन्हा थोडंसंच टोचलं, तर अर्ध्या तासात संपला. रिशेंना या कामासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजूनमापून सवय लावायचे उपचार निघाले आहेत, नाही असं नाही. पण ते काकूंच्या देखरेखीखाली करायचे नसतात.

घरात हे सगळं सांभाळता येतं. प्रश्न येतो हॉटेलात.

माझ्या लहानपणी जयगडात बाहेर जेवणं म्हणजे कोणाचं तरी लग्न. मग वीजप्रकल्प आला, २००९ मध्ये नवं बंदर सुरू झालं, देशभरचे लोक कामाला आले, आणि त्यांच्या मागोमाग पनीर आलं. आज इथून गणपतीपुळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी हॉटेलं आहेत, की ज्यांचं मेन्यूकार्ड सईच्या भूगोलाच्या पुस्तकाहून जाड आहे. व्हेज कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज जयपुरी, पनीर पेशावरी. मुलांना हीच हॉटेलं आवडतात, कारण तिथे रंगीत दिवे असतात आणि हात धुवायच्या बेसिनशेजारी मासा नसलेली माशांची टाकी असते. पण आतली गोष्ट अशी, की भटारखान्यात तीन पातेली असतात : लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही. सगळा भारत या तिन्हींच्या कमीजास्त मिश्रणातून निघतो. पांढरीत काजू वाटलेला असतोच, आणि तिचा एक पळा कुठे पडेल ते शेफच्या मनावर.

संवाद साधारण असा होतो.

"हिला काजूची अॅलर्जी आहे. भाजीत काजू असतो का?"

"वरून टाकतो साहेब. तुम्हाला नाही टाकणार."

"ग्रेव्हीत वाटलेला?"

"वाटलेला असतो, पण तो दिसत नाही."

मग माझा चेहरा बघून त्याला दया येते. "तिखट कमी करू?" तेही नको म्हटलं की तो हुकमाचं पान काढतो : "जैन करून देऊ?" हॉटेलवाल्यांना ठाऊक असलेलं हे एकमेव पथ्य. आणि गंमत म्हणजे जैन ग्रेव्हीत कांदा नसतो, म्हणून दाटपणासाठी काजू बहुधा जास्त घालतात.

इतर गिऱ्हाइकं मालकाने फसवू नये अशी प्रार्थना करतात, मी फसवावं अशी करतो. काजू महाग, म्हणून पुष्कळ ठिकाणी ग्रेव्हीत मगजबी, म्हणजे कलिंगडा-खरबुजाच्या बिया, वाटून भागवतात. असल्या चिक्कू माणसाविषयी मला अंतःकरणापासून आदर आहे. पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण तो नेमका आपल्याच दिवशी प्रामाणिक झाला तर? एकदा एका मालकाला मी आशेने विचारलं, "मगजबी वापरता ना?" त्याचा अपमान झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, माझ्याकडे शंभर टक्के काजू. रत्नागिरीत बसून मी बिया घालू?" आम्ही उठलो. तो अजून लोकांना सांगत असेल, की शुद्ध माल म्हटल्यावर पळून जाणारं एक कुटुंब त्याने पाहिलंय.

यातून मार्ग काढला माझ्या आईने. फेरीबोटीने तवसाळला उतरून आम्ही हेदवीकडे निघालो होतो. वाटेत एका हॉटेलात थांबलो, आणि मी वेटरला प्रथिनं, सूज, श्वासनलिका वगैरे समजावत होतो. आईने मला हाताने गप्प केलं आणि म्हणाली, "नातीने काशीला काजू सोडलाय."

वेटरने सईकडे बघितलं. सात वर्षांची पोर, दोन वेण्या, एक दात पडलेला. त्याने पाठ सरळ केली आणि आत गेला. आतून भांडी घासल्याचा आवाज आला. साधी डाळ, जिरा राईस, भेंडी, सगळं वेगळ्या कढईत. खुद्द मालक बाहेर येऊन म्हणाले, "आजी, निश्चिंत असा. डावसुद्धा धुऊन घेतलाय."

मी थक्क झालो, पण विचार केला तर यात नवल नाही. उष्टं, सोवळं, उपासाचं वेगळं पातेलं, मटणाची वेगळी सुरी, एक दाणा लागला तरी मोडलं, हे आपल्याकडच्या प्रत्येक स्वयंपाक्याला लहानपणापासून कळतं. अॅलर्जी तज्ज्ञ जे तासभर समजावतात ते आपल्या आज्यांनी शतकानुशतकं पाळलंय, कारण वेगळं इतकंच. डॉक्टरांचं नाव घेतलं की "थोडंसं चालेल ना?" असा प्रश्न येतो, विश्वेश्वराचं नाव घेतलं की कढई घासली जाते.

हे व्रत आम्ही बरेच दिवस चालवलं. सईचा भावही भेंडी आली की मीही काशीला सोडलीय म्हणायला लागला. शेवट एका चतुर्थीला झाला. आमची निष्ठा पाहून एका मालकाचा कंठ दाटून आला आणि त्यांनी घरून आणलेला प्रसादाचा शिरा स्वतः सईपुढे धरला. त्यात काजू होते, भरघोस. आई म्हणाली, "अहो, सोडलाय." ते हसून म्हणाले, "प्रसादाला व्रत आड येत नाही." आता यावर काय बोलणार? देवाने घातलेली बंदी देवच उठवू शकतो. तेव्हापासून आम्ही परत खरं सांगायला लागलो. खरं सांगितल्यावर कमी लोक ऐकतात, पण जे ऐकतात ते मध्येच बदलत नाहीत.

आणि असं ऐकणारं माणूस मेन्यूकार्डाच्या हॉटेलात क्वचित सापडतं. आमच्या जेट्टीकडच्या वाटेवर एका मावशींची खानावळ आहे. अंगणात चार टेबलं, मेन्यू म्हणजे सकाळी बोटीवर काय लागलं ते. बांगडा लागला तर बांगड्याचं तिकलं, मांदेली लागली तर मांदेली तळलेली, बरोबर तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. वाटणात काय आहे विचारलं तर मावशी नुसती यादी सांगत नाहीत, कुळकथा सांगतात : नारळ आपल्या माडाचा, मिरची बाजारची, तिरफळं भावजयीने पाठवलेली, कोकमं गेल्या उन्हाळ्यातली आणि ती भावजय कशी आहे. विचारणाऱ्यापुढे रांधणारी स्वतः उभी असते, मधे वेटर नसतो. आमच्या कोकणी वाटणाची सारी मदार नारळावर, त्याला काजूची गरज पडत नाही. ज्याच्या मुलाला मासाच बाधतो त्याने अर्थातच उलट वाट धरावी.

चैत्रात एकदा आम्ही तिथे गेलो तर मावशींनी दारातच थांबवलं. "आज नको ओ दादा. ओल्या काजूची उसळ केलीय आणि सगळीकडे माझा एकच डाव फिरलाय. मला छातीठोक नाय सांगता यायचं." सई रडली, बायको चिडली, मला मात्र त्या बाईला वाकून नमस्कार करावासा वाटला. गिऱ्हाईक दारात आलेलं असताना 'सांगता यायचं नाही' म्हणणारा हॉटेलवाला मी त्याआधी पाहिला नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. २०२० च्या नियमांनी बंद पाकिटावर शेंगदाणा, काजू-बदाम वर्गातली फळं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन, गहू यांचा उल्लेख सक्तीचा केला. हॉटेलांनाही सांगितलं, पण केंद्रीय परवानेवाल्यांना किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत त्यांना. जयगडात हॉटेलची शाखा म्हणजे मालकाच्या मेव्हण्याची जेट्टीवरची वडापावची गाडी. ब्रिटनमध्ये चौदा पदार्थांची माहिती देणं लहानसहान उपाहारगृहालाही चुकत नाही. इथे ते होईल तेव्हा होईल, तोवर सईचं लग्न झालेलं असेल आणि तिथल्या पंगतीत काजू असावा की नाही यावर काकूंचं आमच्याशी भांडणही.

तेव्हा हॉटेलवाल्यांना, खानावळवाल्यांना आणि घरोघरच्या आग्रही मंडळींना विनंती एवढीच. काजू घाला, आमचं त्याच्याशी वैर नाही, पण वाटू नका, वरून घाला, म्हणजे दिसेल. कोणी विचारलं तर आत जाऊन रांधणाऱ्याला विचारून या. नक्की माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, आम्ही रागावणार नाही, उलट आभार मानू. आणि प्रसादाच्या शिऱ्यात काजू असेल, तर पोराच्या हातावर ठेवण्याआधी तेवढं सांगा.